सोमवार पाळणारा मिक्सर

दिवाळी अंकासाठी आठवणी लिहा, असे संपादकांनी कळवले. मी उत्तर पाठवले की मी अडतीस वर्षे मिक्सर दुरुस्त केले, त्यात लिहिण्याजोगे फार नाही. त्यांना तो विनय वाटला. तो विनय नव्हता, ती माहिती होती. तथापि त्यांचे दुसरे पत्र आले आणि बाहेर पाऊसही होता, म्हणून लिहितो.

पेडण्याच्या बाजारात माझे दुकान होते. दुकान म्हणजे एक मेज, एक दिवा आणि मी. आमच्याकडे हातकाम जाणणाऱ्या माणसाला मेस्त म्हणतात. मला सगळा तालुका मेस्त म्हणतो, आणि मी त्याला कधी हरकत घेतली नाही.

ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मिक्सरच्या पोटात मोटर असते. मोटरच्या डोक्यावर एक दातेरी चकती असते. भांड्याच्या बुडाला तशीच दुसरी चकती असते. दोन्हींचे दात एकमेकांत बसले की भांड्यातली पाती फिरते. पाती अडली तर मोटर तापते, आणि ती जळू नये म्हणून बुडाशी असलेले एक लाल बटण आपोआप बाहेर येऊन वीज तोडते. मोटर निवली की ते बोटाने आत दाबायचे. मिक्सर पुन्हा चालू लागतो. माझ्याकडे येणाऱ्या मिक्सरांपैकी कित्येकांना एवढ्याच उपचाराची गरज असे. मात्र गिऱ्हाइकासमोर मी ते बटण लगेच दाबत नसे. आधी मिक्सर उलटा करून पुरेसा वेळ गंभीर चेहऱ्याने पाहत असे. गिऱ्हाइकालाही त्यात समाधान वाटे. आता मागे वळून पाहताना मला ते थोडे अयोग्य वाटते. थोडेच.

या धंद्यात मी एक गोष्ट शिकलो. यंत्र खोटे बोलत नाही. गिऱ्हाईक बोलते. जो येई तो प्रथम म्हणे, "मेस्ता, आत काय एक घातलां नाय." डिचोलीचे एक निवृत्त मुख्याध्यापक आले होते. चटणी वाटताना बंद पडला, असे म्हणाले. मी भांडे उघडले. आत खडूची भुकटी होती. मी त्यांच्याकडे पाहिले. ते म्हणाले, "पांढरी चटणी." मोरजीचे एक मासेमार गृहस्थ आले. कोंबड्यांना कॅल्शियम मिळावे म्हणून त्यांनी शिंपल्या वाटल्या होत्या. पातीला धार उरली नव्हती. त्यांनीही काही घातले नव्हते. वास्कोच्या रेल्वेतले एक कारकून तीन बस बदलून मिक्सर मांडीवर घेऊन आले, आणि भांडे घरीच ठेवून आले. मी त्यांना सांगितले की भांड्याविना मिक्सर आणणे म्हणजे रोग्याला घरी ठेवून त्याच्या चपला डॉक्टरकडे नेण्यासारखे आहे. ते तीन बस बदलून परत गेले आणि दुसऱ्या दिवशी भांडे घेऊन आले. दोष भांड्यातच होता. हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवतो. पुढे त्याची गरज पडणार आहे.

दुकान बंद केल्याला आता चार वर्षे झाली. मेज तेवढे घरी आणून मागच्या पडवीत ठेवले. पुढची हकिगत गेल्या पावसाळ्यातली, आणि माझ्या स्वतःच्या घरातली आहे.

आषाढातल्या पहिल्या सोमवारी माझी पत्नी सुनंदा मिक्सर उचलून पडवीत आली आणि तो माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "बंद पडलो."

"काय घातलंस?"

"खोबरां. वाटीभर."

"जास्ती घातलं असतलंस."

"वाटी म्हणजे वाटीच. तुमच्या डोक्याएवढी न्हय."

मी लाल बटण दाबले. तिने भांडे आणले नव्हते; मेजावर मिक्सरचे मासळीचे भांडे होते, ते चढवून मिक्सर चालवला. उत्तम चालला. तिला तसे सांगून परत दिला. पाच मिनिटांत ती पुन्हा आली. पुन्हा बंद.

इथे आमच्या घरची एक पद्धत सांगणे आवश्यक आहे. गोव्यातल्या पुष्कळ हिंदू घरांप्रमाणे आमच्याकडेही सोमवार, गुरुवार आणि एकादशी शिवराक असते, म्हणजे त्या दिवशी मासळी नाही. त्यासाठी मिक्सरची भांडी दोन. एक मासळीच्या वाटपाचे, म्हणजे वाटणाचे, ते मागच्या पडवीत राहते. दुसरे देवाच्या नैवेद्याचे, ते स्वयंपाकघरात वरच्या फळीवर राहते. त्याच्या मुठीवर कुंकवाचा ठिपका आहे, चूक होऊ नये म्हणून.

"तां भांडां दी हय," मी म्हणालो.

"त्या मेजार?" सुनंदा म्हणाली. "साऱ्या पेडण्याचे बांगडे त्या मेजावरसून गेले. देवाचां भांडां थंय जावचां नाय."

"मगे मी आत येवन बघतंय."

"येवा. आंघोळ करून, सोमार पाळून येवा. मगे हात लावा."

ही अट मला मान्य होण्याजोगी नव्हती. दुकानाच्या दिवसांपासून माझा एक नियम आहे. सोमवारी घरी मासळी नसते, म्हणून मी पेडण्याच्या बसस्थानकाजवळच्या एका खाणावळीत जेवतो. इतक्या वर्षांत हा नियम चुकलेला नाही. माणसाने नियमित असावे.

"सोमाराक माका काम आसता," मी म्हणालो.

"तुमचां काम माका म्हायत हा," ती म्हणाली. "तां तळलेलां आसता."

मी स्वयंपाकघराच्या दारातून भांडे पाहिले. स्टीलचे भांडे दारातून निर्दोषच दिसते.

तेव्हा दोष मिक्सरमध्येच असला पाहिजे, असे मी ठरवले. हे ठरवणे चुकीचे होते हे मला तेव्हाही कळायला हवे होते. पण सोमवार पाळून भांडे मागण्यापेक्षा मोटर उघडणे मला सोपे वाटले. गुरुवारी मिक्सर पुन्हा बंद पडला, तेव्हा मी मोटरला वीज पोचवणारे दोन्ही कार्बन बदलले. बुधवारी, शुक्रवारी, रविवारी मिक्सर मासळीच्या भांड्यावर घोड्यासारखा धावे. दुसऱ्या सोमवारी बंद. मी डोक्यावरची चकती बदलली. एकादशीला बंद. मी स्विच बदलला. तिसऱ्या सोमवारी बंद. मी वायर बदलली, आणि तरीही उत्तर सापडेना म्हणून बुडाचे रबरी पायही बदलले. पायांचा वाटपाशी काही संबंध नाही, हे मला ठाऊक होते. पण हाताला काहीतरी काम हवे होते.

चौथ्या सोमवारपर्यंत त्या मिक्सरचे वरचे कवच तेवढे जुने उरले होते.

या काळात सुनंदा दर शिवराक दिवशी रगड्यावर वाटत होती. ज्यांनी रगडा पाहिला नाही त्यांना सांगतो, तो दगडाचा असतो आणि त्याच्या खळग्यातला गोटा दोन्ही हातांनी गोल फिरवावा लागतो. सुनंदाचा उजवा खांदा दोन वर्षांपासून वर जात नाही. ती डाव्या हाताने वाटायची आणि उजवा नुसता ठेवायची. मी मिक्सर उघडत होतो.

तिचा आणखी एक नियम होता. चालता चालता बंद पडलेल्या यंत्रातले खोबरे देवाला चालत नाही. ते ती शेजारच्या पुंडलिकदादाच्या गायीला घालायची आणि नवा नारळ खवायची. गाय सोमवारी सकाळी आपणहून आमच्या मागच्या दाराशी येऊन उभी राहू लागली.

श्रावणाला चार-पाच दिवस उरले. श्रावणात आमच्याकडे महिनाभर शिवराक. त्यापाठोपाठ चवथ, म्हणजे गणपती, आणि त्या दिवशीच्या वाटपाला एक भांडे पुरत नाही. महिनाभर रगड्यावर वाटणे सुनंदाच्या खांद्याला झेपणारे नव्हते. शनिवारी ती मला न विचारता पुंडलिकदादाला घेऊन आली.

पुंडलिकदादा आमच्या वाड्यावरचे गाऱ्हाणे घालणारे. कोणाचे काही अडले की देवळात देवासमोर उभे राहून मोठ्या आवाजात ते देवाला सांगायचे, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्यामागे "व्हय म्हाराजा" म्हणायचे. म्हैस आटली, नोकरी मिळत नाही, लग्न जमत नाही, अशी गाऱ्हाणी त्यांनी घातलेली आहेत. मिक्सरचे हे पहिलेच.

त्यांनी मिक्सरसमोर पाट घेतला आणि वैद्यासारखी चौकशी सुरू केली.

"बंद पडता तो खंयच्या वारी?"

"सोमारा," सुनंदा म्हणाली.

"गुरवारा?"

"गुरवारा पण. एकादशीक तर हालणाच नाय."

"आनी बुधवारा?"

"बुधवारा धावता."

"आयतारा?"

"आयतारा तेका धरूक लागता."

दादांनी डोळे मिटले. मग विचारले, "मिक्सर घराक हाडलो कधी?"

"दसऱ्याक."

"पूजलो?"

"हळद-कुंकू लायलां. नारळ फोडलो."

"मगे झालां तर," दादा म्हणाले. "पूजलेलो तो. धरम पाळतलोच." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मेस्ता, हो मिक्सर तुमच्यापरस सोवळो आसा."

मी म्हणालो की हे यंत्र आहे, आणि यंत्राला वार कळत नाही.

"तुमी काय काय बदललास?" दादांनी विचारले.

मी सांगितले.

"सगळां बदललास, तरी तो सोमार सोडणा नाय," दादा म्हणाले. "मगे तां यंत्रात नाय. तां आत्म्यात आसा."

सोमवारी संध्याकाळी देवळात गाऱ्हाणे घालायचे ठरले. मिक्सर सोबत न्यायचा. दादा गेले, आणि तासाभरात वाड्यावर बातमी झाली. मेस्ताचा मिक्सर देवाकडे नेणार. दुकानासमोरून गेलेला प्रत्येक माणूस आता देवळात येणार होता. ज्यांना मी गंभीर चेहऱ्याने मिक्सर उलटा करून दाखवला होता, ते सगळे.

रविवारी मी सुनंदाला सांगितले, "उद्या मी सोमार पाळतंय."

ती नारळ खवत होती. तिने वर पाहिले नाही. "काय दुखता तुमचां?" तिने विचारले.

सोमवारी पहाटे मी आंघोळ केली. ओला पंचा नेसून स्वयंपाकघरात शिरण्याची परवानगी मिळाली. मेज वर्ज्य होते, म्हणून सुनंदाने जमिनीवर केळीचे पान अंथरले. माझा पाना आणि स्क्रू ड्रायव्हर तिने आधी राखेने घासले, मग त्यांवर तुळशीचे पाणी शिंपडले. अडतीस वर्षांत माझ्या हत्यारांना इतका मान मिळाला नव्हता. तिने भांडे पानावर ठेवले आणि ती फुले काढायला अंगणात गेली.

मी पातीला बोट लावले. पाती हलेना. एवढेच होते. चार आठवडे, दोन कार्बन, एक चकती, एक स्विच, एक वायर आणि चार रबरी पाय. आणि उत्तर एका बोटाच्या अंतरावर होते.

मी नट सैल करून पाती काढली. पातीखालच्या दांड्याभोवती गुलाबी-तपकिरी रंगाचे काहीतरी गच्च गुंडाळले गेले होते, आणि त्यातल्या मिठाने दांडा गंजून आपल्या नळीत, म्हणजे बुशमध्ये, आवळला होता. मी ते चिमट्याने ओढले. सालपटे. बारीक पाय. केसासारख्या लांब मिश्या. आणि दोन काळे डोळे. ते माझ्याकडे पाहत होते.

सुकी सुंगटे, म्हणजे सुकवलेली कोळंबी.

मला आठवायला वेळ लागला नाही. मिरगाच्या दिवसांत, म्हणजे आषाढ लागण्याआधीचे पंधरा दिवस, सुनंदा वास्कोला लेकीकडे गेली होती. मी घरी एकटा. पावसात ताजी मासळी मिळत नाही. एके दिवशी सुकी सुंगटे भाजून त्यांची चटणी वाटावी असे मनात आले. मासळीचे भांडे आदल्या दिवसापासून धुतलेले नव्हते, आणि धुणारा माणूस मीच होतो. वरच्या फळीवर एक स्वच्छ भांडे होते. मुठीवरचा ठिपका मी पाहिला होता. तो कुंकवाचा आहे हेही मला दिसले होते. चटणी चांगली झाली. नंतर मी भांडे नीट धुतले. माझ्या मते.

चार महिने विचार केला असता तरी मी स्वतःवर संशय घेतला नसता. मीही त्या मुख्याध्यापकांसारखाच निघालो.

अंगणातून सुनंदाची पावले ऐकू आली. मी ते सगळे केळीच्या पानाच्या एका तुकड्यात गुंडाळून पंच्याच्या गाठीत खोचले. दांडा आमसुलाच्या पाण्याने घासला, खोबरेल तेलाचा थेंब सोडला, पाती बसवली, भांडे चढवून कळ दाबली. मिक्सर सोमवारी चालला.

सुनंदा दारात उभी राहून ऐकत होती. तिने फुलांची परडी खाली ठेवली आणि दोन्ही हात जोडले. उजवा हात छातीपर्यंतच आला.

"गाऱ्हाण्याचां नाव काढल्याबरोबर चललो," ती म्हणाली. "काय होतां आत?"

"काय नाय," मी म्हणालो. "गंज."

यंत्र खोटे बोलत नाही, हे मी वर लिहिले आहे.

नंतर मी माडाच्या बुंध्याशी खड्डा करून ती पुडी पुरली. पाऊस होता, माती मऊ होती, खड्डा फार खोल केला नाही. आमचे मांजर पायरीवर बसून पाहत होते. त्याकडे मी लक्ष दिले नाही.

मिक्सर चालू लागला म्हणून गाऱ्हाणे रद्द होईल, अशी माझी अपेक्षा होती. दुपारी सुनंदा दादांकडे जाऊन आली आणि म्हणाली, "रद्द नाय. देवाक बोललां तां करूचां पडता. दादा म्हणता, आता आभार मानूया." तिचा चेहरा शांत होता. मला तो जरा जास्तच शांत वाटला.

संध्याकाळी देऊळ भरले होते. मिक्सर तबकात, अंगावर कोरे वस्त्र, झाकणावर जास्वंद. जुनी गिऱ्हाइके पुढच्या रांगेत होती. दादांनी घसा साफ केला.

"हे म्हाराजा! ह्या मेस्ताच्या घरचो मिक्सर सोमाराक चलणा नाय होतो. आज चललो, ती तुझीच किरपा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

"पण म्हाराजा, चूक घडल्याबिगर असां काय अडणा नाय! ती चूक मिरगाच्या दिसांत घडली आसात!"

"व्हय म्हाराजा!"

मी दादांकडे पाहिले. त्यांचे डोळे मिटलेले होते.

"घरकारीण वास्कोक लेकीकडे गेल्ली आसताना घडली आसात!"

"व्हय म्हाराजा!"

"घरात एकटोच दादलो आसताना, सुक्या सुंगटांच्या वासान घडली आसात!"

"व्हय म्हाराजा!" या वेळचा आवाज बराच मोठा होता. मागच्या रांगा पुढे सरकल्या.

"आनी, म्हाराजा, मासळीचां भांडां धुवच्या कंटाळ्यान घडली आसात!"

हे मी कोणालाही सांगितले नव्हते. यासाठी केवळ बेचाळीस वर्षांचा संसार लागतो.

लोकांनी "व्हय" म्हणायला तोंडे उघडली. दादांनी हात वर करून त्यांना थांबवले. "हेका तुमी म्हणू नकात," ते म्हणाले. "जो चुकलो, तेणाच म्हणाचां."

कौलांवरचा पाऊस तेवढा ऐकू येत होता. सुनंदा तबक धरून उभी होती आणि समोर देवाकडे पाहत होती. तबकाचा सगळा भार तिच्या डाव्या हातावर होता.

मी पुढे झालो आणि तबक तिच्या हातातून घेतले.

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.

"तर म्हाराजा, ही चूक पोटात घाल! आनी हेच्याफुडे हो मेस्त सोमाराक घराभायरसुद्धा मासळी खाणार नाय!"

या कलमाची मला कल्पना नव्हती. पण सगळ्या देवळाने माझ्या वतीने "व्हय म्हाराजा" म्हटले, आणि त्यात एका बाईचा आवाज सर्वांच्या वर होता.

घरी परतताना छत्री सुनंदाकडे होती आणि मिक्सर माझ्याकडे.

"कसां कळलां?" मी विचारले.

"मांजरान दुपारी पानाची पुडी मागल्या दारात हाडून ठेवलान. तेच्या तोंडाक मिशी होती. सुंगटाची."

"मगे घरातच माका सांगूचां होतां."

"चार सोमार मी रगड्यार उबी होतंय. एक सोमार तुमी देवाकडे उबे रवलास. फिटलां."

मग ती म्हणाली, "दादा म्हणी होते तांच खरां. तो सोमाराक बंद पडलो, म्हणानच नैवेद्यात सुंगटां गेली नायत. मिक्सराक कळलां, तुमका नाय."

पाती अडली, मोटर तापली, लाल बटण बाहेर आले, हे सगळे खरे होते. पण तिने सांगितलेल्यात आणि यात कुठेही विसंगती नव्हती. तांत्रिकदृष्ट्या तिचे म्हणणे बरोबर होते.

दुसऱ्या दिवशी मी देवासाठी नवे भांडे आणले. जुने पडवीत आले. श्रावण आणि चवथ मिक्सरवर पार पडली. रगड्यावर आता मांजर झोपते. खाणावळवाल्याने दोनदा निरोप पाठवला, मी प्रकृतीचे कारण कळवले.

एक गोष्ट मात्र गाऱ्हाण्याच्या रात्री जेवताना माझ्या लक्षात आली. त्या भांड्यातले खोबरे देवाला गेले नव्हते हे खरे, पण ते कुठेतरी गेले होते.

"गायीचां काय?" मी सुनंदाला विचारले.

तिचा हात ताटावरच थांबला. तिने खिडकीतून शेजारच्या गोठ्याकडे पाहिले, मग खिडकी लावून घेतली.

"तां दादाक सांगू नकात," ती म्हणाली.

आम्ही सांगितलेले नाही. पुंडलिकदादा हा अंक वाचत नाहीत, अशी माझी माहिती आहे.